दोन डबे, दम किती?
सप्लिमेंटचे दोन डबे एकत्र घेतल्याने फायदा दुप्पट होत नाही. कॅफिन (वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम) शर्यतीच्या तासभर आधी, बिटाचा रस दोन-तीन तास आधी. दोन्ही एकेकटे उपयोगी, पण जोडीचा जादा लाभ बहुतेक प्रयोगांत दिसलेला नाही. खरी जमलेली जोडी साखरेची! आतडे तासाला सुमारे ६० ग्रॅमच ग्लुकोज शोषते. फ्रुक्टोजची वाट वेगळी, म्हणून दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. अडीच तासांहून लांबलेल्या शर्यतीत हे कामी येते. मात्र पोटाला सवय सरावातच लावा आणि डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक जरूर पाहा.