माणूस-महिन्याचा भाव

१९७४ च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे, म्हणजे आजच्या टीसीएसकडे, अमेरिकेतल्या बरोज या संगणक कंपनीचं एक काम आलं. रुग्णालयाच्या हिशेबाचं एक पॅकेज बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी कोबॉलमध्ये लिहिलेलं होतं. ते त्याच कंपनीच्या छोट्या यंत्रांवर चालेल असं करून द्यायचं होतं. दोन्ही यंत्रांचं कोबॉल वेगळं, आणि हाताशी असलेला संगणक तिसऱ्याच कंपनीचा, ब्रिटिश बनावटीचा आयसीएल १९०३. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या फकीरचंद कोहलींच्या हाताखालच्या तरुण अभियंत्यांनी एकेक ओळ हाताने बदलत बसण्याऐवजी एक प्रोग्रॅमच लिहिला. जुना कोड त्यात घालायचा, नवा बाहेर काढायचा.

भारताची सॉफ्टवेअर निर्यात ज्या मोजक्या कामांनी सुरू झाली, त्यांतलं हे एक. तेव्हा कोड लिहिणारा कोड ही काही चॅटजीपीटीनंतर उगवलेली गोष्ट नव्हे. टीसीएसने १९८१ साली पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर काढलं, तिथेही पुढे याच दिशेने संशोधन झालं. व्यवहाराचा आराखडा माणसाने मांडायचा आणि त्यावरून कोड यंत्राने तयार करायचा, अशी ती कल्पना. 'मास्टरक्राफ्ट' हे साधन त्याच घराण्यातलं. असं असूनही पुढची चार दशकं या उद्योगाने जगाला मुख्यतः विकले ते माणसांचे महिने.

याची कारणं तंत्रज्ञानात कमी आणि परकीय चलनात जास्त सापडतात. सत्तरच्या दशकात संगणक आयात करायचा तर सॉफ्टवेअर निर्यात करून डॉलर मिळवून द्या, अशी सरकारची अट असे. आपल्याकडे यंत्रं महाग आणि दुर्मीळ, इंग्रजी जाणणारे अभियंते मुबलक आणि स्वस्त. मग माणसंच विमानात बसवून ग्राहकाच्या दारी पाठवली गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बंगळुरूत आली आणि पुढे तिथून उपग्रहाने काम धाडू लागली. १९९० च्या आसपास सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, पहिल्या तिघांत पुणे होतं. नंतर दोन हजार सालचं संकट आलं आणि अमेरिकेतल्या बँका-विमा कंपन्यांच्या जुनाट कोबॉलमधल्या दोन आकडी वर्षांनी आपल्याकडच्या हजारो घरांत पहिली चारचाकी आणली.

या सगळ्यात एक रेट कार्ड पक्कं झालं. इतक्या वर्षांचा अनुभव, ताशी इतके डॉलर. ऑनसाइटचा भाव वेगळा, ऑफशोअरचा वेगळा. काम नसेल तर माणूस बेंचवर, काम मिळालं की बिलिंग सुरू. 'फिक्स्ड प्राइस' करार होते आणि आहेत, पण त्यांचाही आकडा आतल्या आत मॅन-मंथनेच काढला जातो. शिंप्याने सदऱ्याचे नव्हे, मशीनवर बसल्याच्या तासांचे पैसे घ्यावेत, तसा हा हिशेब. असा शिंपी वेगवान मशीन विकत घेईल कशाला? साधनं होती, ती वापरलीही गेली. पण वाचलेला प्रत्येक तास स्वतःच्याच बिलातून वजा होणार असेल, तर त्या साधनांना मनापासून पुढे कोण आणणार?

या व्यवस्थेचा आकार पिरॅमिडचा. वर थोडे अनुभवी, खाली कॉलेजातून थेट भरलेल्या फ्रेशरांची मोठी फळी. नफा त्या फळीतच. फ्रेशरचा वार्षिक पगार गेली पंधरा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे, आणि तेवढ्याच काळात डॉलर ४५ रुपयांवरून ८५ च्या पुढे गेला. डॉलरमध्ये कमवायचं आणि रुपयांत वाटायचं. नफ्याच्या चर्चेत व्यवस्थापनकौशल्याचा उल्लेख फार होतो, रुपयाच्या या घसरणीचा फारसा होत नाही.

गेल्या तीन-चार वर्षांत हिंजवडीत, पुण्याच्या आयटी पट्ट्यात, जे मळभ आलं त्याचं खापर सरसकट 'एआय'वर फोडलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिघांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. तेव्हा कोड लिहिणारी साधनं नुकती कुठे रांगत होती. बदललं होतं ते पैशाचं मोल. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर मार्च २०२० पासून दोन वर्षं जवळपास शून्य होता. तो जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. फुकटच्या पैशात सुरू झालेले प्रकल्प एकेक करून गुंडाळले गेले आणि कोरोनाकाळात हावरटपणे केलेली भरती अंगाशी आली.

त्यात भर पडली अमेरिकी करकायद्याच्या कलम १७४ ची. आपल्याकडे याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. तिकडच्या कंपन्या सॉफ्टवेअर घडवण्यावरचा खर्च पूर्वी त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करू शकत. २०१७ च्या करसुधारणेत एक तरतूद घातली गेली, ती २०२२ पासून लागू झाली. देशात केलेला असा खर्च पाच वर्षांत आणि परदेशात केलेला पंधरा वर्षांत विभागून दाखवायचा. समजा, एका छोट्या कंपनीचं उत्पन्न १० लाख डॉलर, आणि प्रोग्रॅमरांवर खर्च ९ लाख. हाती उरले १ लाख. नव्या नियमाने पहिलं वर्ष अर्धंच धरायचं, म्हणून त्या वर्षी फक्त दहा टक्के, म्हणजे ९० हजार वजा करता येणार. करपात्र नफा ९ लाख १० हजार आणि २१ टक्क्यांनी त्यावर कर १ लाख ९१ हजार १००. हातात उरलेल्या पैशांच्या जवळपास दुप्पट! काम परदेशात करून घेतलं असेल तर पहिल्या वर्षी ९ लाखांतले जेमतेम ३० हजार वजा होतात. जुलै २०२५ मध्ये देशांतर्गत खर्चावरची ही अट उठली, परदेशातल्या खर्चावरची तशीच राहिली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर आकारण्याचा आदेश निघाला. माणूस तिकडे पाठवणं महाग, आणि काम इकडे पाठवणंही करात जड. या दोन आकड्यांइतकी ठोस माहिती एआयवरच्या डझनभर परिसंवादांत मिळत नाही.

एआयला हलक्यात घ्यावं असं मात्र नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. एआयने काम वाचलं म्हणून नव्हे, कौशल्यं जुळत नाहीत म्हणून, असं कंपनीचं म्हणणं. त्याच महिन्यात मीटर नावाच्या अमेरिकी संशोधनसंस्थेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सोळा अनुभवी प्रोग्रॅमरांनी स्वतःच्या ओळखीच्या प्रकल्पांत काही कामं एआय घेऊन केली, काही त्याविना. एआय घेतलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपला वीस टक्के वेळ वाचला! प्रयोग लहान होता आणि साधनं त्यानंतर सुधारली आहेत, त्यामुळे १९ चा आकडा मी छातीठोकपणे वापरणार नाही. पण घड्याळ आणि भावना यांतली ती दरी महत्त्वाची आहे. आज ग्राहक करार नव्याने करताना एआयमुळे वाचणाऱ्या खर्चात वाटा मागतात, आणि ते आकडे बहुतेकदा भावनेवरच बेतलेले असतात.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' लिहून माणूस-महिना या मापाचीच चेष्टा केली होती. रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसं घातली तर तो आणखी रखडतो, हे त्यांचं निरीक्षण हिंजवडीतल्या कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरला पाठ असतं आणि कुठल्याही डेडलाइनला आठवत नाही. १९८६ च्या निबंधात त्यांनी अधिक खोलातलं सांगितलं. काही अडचणी साधनांच्या असतात, काही मूळ विषयाच्याच. साधनांच्या अडचणी सुटत जातात, विषयाच्या राहतात.

व्यवहाराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'विषयाची अडचण' कशी दिसते, ते २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, राज्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याने पाहिलं. जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. बहुतेक माल ५ किंवा १८ वर आला. कोडच्या दृष्टीने तक्त्यातले काही आकडे बदलायचे. पण २१ तारखेला बिल केलेला माल २४ ला परत आला तर क्रेडिट नोट कोणत्या दराने? आगाऊ रक्कम आधी घेतली आणि माल नंतर दिला तर? गोदामात जुन्या एमआरपीचं छापील पाकीट आहे, त्यावरची खरेदी जुन्या दराची, विक्री नव्या दराची. ही उत्तरं अधिसूचनेत, सीएच्या डोक्यात आणि व्यापाऱ्याच्या सवयीत विखुरलेली असतात. ती गोळा करून, त्यांतले परस्परविरोध मिटवून 'हे असं चालेल' असं कुणीतरी सही करून सांगावं लागतं. टायपिंग उरलं ते शेवटचं.

इथे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरकडे पाहायला हवं. १९८६ मध्ये बंगळुरूत श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भारत यांनी ते सुरू केलं, तेही स्वतःच्या धंद्याच्या हिशेबाची गरज म्हणून. पुण्याच्या मार्केट यार्डापासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत 'टॅली येतं का?' हा नोकरीचा प्रश्न झाला. टॅली तास विकत नाही, परवाना विकते. व्हॅट आला, जीएसटी आला, तो नियम एकदा समजून घेऊन लाखो दुकानांत पोचवते. प्रोग्रॅमरचा वेळ वाचवणारं साधन तिला सरळ नफ्याचं. सेवा विकणाऱ्या कंपनीला तेच साधन आधी तोट्याचं. एकच तंत्रज्ञान, पण विक्रीचं माप वेगळं म्हणून परिणाम उलटा. मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे दिसतं. कोड किती वेगाने लिहिला जातो यापेक्षा बिल कशाचं फाडता, यावर कोण टिकेल हे ठरतं आहे.

परवाना विकणारेही निर्धास्त नाहीत. १९९९ मध्ये निघालेल्या सेल्सफोर्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने माणशी मासिक वर्गणीची रीत रुळवली. दहा जणांचं काम एक एआय एजंट करू लागला तर दहा वर्गण्या बुडणार. म्हणून २०२४ मध्ये तिने आपल्या एजंटांसाठी प्रत्येक संभाषणामागे दोन डॉलर असा भाव काढला, आणि पुढच्याच वर्षी प्रत्येक कृतीमागे पैसे घेण्याची दुसरी पद्धत आणली. माप शोधणं चालू आहे.

ग्राहकांनी तिसरीच वाट धरली आहे. सेवा विकत घेण्याऐवजी ते भारतात स्वतःची केंद्रं काढत आहेत. २०२४ पर्यंत अशी १७०० हून अधिक केंद्रं झाली, त्यांत सुमारे १९ लाख माणसं. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, मास्टरकार्ड यांची आहेत. कराची जाचक अट असूनही ही केंद्रं वाढतात, यावरून पगारातली तफावत किती मोठी आहे ते कळतं. ही पद्धत तशी सगळ्यांत जुनी. धंद्याच्या कामासाठी नियमित वापरला गेलेला पहिला संगणक, लिओ, १९५१ मध्ये लंडनच्या जे. लायन्स या चहा-पावाच्या कंपनीने स्वतःच बांधला होता. आपल्या बेकरीचा हिशेब त्यांनी आपल्याच यंत्रावर मांडला.

शिवाय जबाबदारी बाहेरच्यावर टाकता येत नाही. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहून गेला. तिथला वर्षानुवर्षं निजलेला जुना कोड जागा झाला, पाऊण तासात ४४ कोटी डॉलर बुडाले आणि कंपनीची स्वतंत्र ओळख संपली. कोड कुणी लिहिला यापेक्षा तो बाजारात सोडायला 'हो' कुणी म्हटलं, हे अशा वेळी विचारलं जातं.

तो 'हो' म्हणू शकणारा माणूस तयार कसा होतो? आजवर तो पिरॅमिडच्या तळाशी तयार झाला. फ्रेशर दोन वर्षं दुसऱ्यांचे बग सोडवी, टेस्ट केस लिही, रात्री-अपरात्री प्रॉडक्शनचा कॉल घेई आणि त्या ओघात विमा किंवा बँक कशी चालते ते शिके. या शिक्षणाचा खर्च परदेशी ग्राहक भरत होता, त्याच्या नकळत, फ्रेशरच्या ताशी बिलातून. नेमकी हीच कामं एआयकडे सर्वांत आधी गेली. आता ग्राहकाला हे तास नको आहेत, कंपनीला बेंच परवडत नाही, आणि कॉलेजांत कॉम्प्युटर शाखेच्या जागा काही कमी होत नाहीत. दहा वर्षांनी लागणाऱ्या अनुभवी माणसाचा आजचा खर्च उचलायला तिघांपैकी कुणीच पुढे आलेलं नाही, आणि तो उचलला जाईल असा भाव अजून कुठल्याही रेट कार्डावर मला दिसलेला नाही.