थकीत येण्याची वसुली

थकीत येण्याची वसुली म्हणजे पुरवलेल्या मालाची किंवा दिलेल्या सेवेची रक्कम ग्राहकाने ठरल्या मुदतीत न दिल्यास ती मिळवण्यासाठी धनकोने केलेली कायदेशीर कार्यवाही होय. भारतात यासाठी स्वतंत्र असा एकच कायदा नाही. दिवाणी दावा, न वटलेल्या धनादेशाबद्दलची फौजदारी तक्रार, सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीची सुविधा परिषद, मध्यस्थी, लोकअदालत आणि दिवाळखोरीची कार्यवाही हे त्यातील प्रमुख मार्ग आहेत. कोणता मार्ग खुला आहे हे रक्कम, पुरावा, ग्राहकाचे स्वरूप आणि येणे किती जुने आहे यांवर ठरते. ग्राहक आयोग मात्र या कामी उपयोगाचा नाही. तो ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे, विक्रेत्याच्या नव्हे.

== स्थानिक संदर्भ ==

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील नावडे हे तळोजा औद्योगिक वसाहतीलगतचे गाव असून ते २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. अशा वसाहतींभोवती लेथकाम, फॅब्रिकेशन, वाहतूक, दुरुस्ती, जेवणाचे डबे अशी कामे करणारे अनेक छोटे व्यावसायिक मोठ्या कारखान्यांवर अवलंबून असतात. त्यांचा व्यवहार बहुधा उधारीवर चालतो आणि एका मोठ्या ग्राहकाने दोन-तीन महिन्यांची बिले अडवली तरी कामगारांचे पगार व कच्च्या मालाची खरेदी अडते. ग्राहक दुखावला तर पुढचे काम जाईल या भीतीने कारवाई लांबवली जाते आणि कायद्याची मुदत तोवर सरत असते.

पत्त्यात ‘नवी मुंबई’ असल्यामुळे न्यायालयाबाबत गैरसमज होतो. नवी मुंबईचा प्रदेश ठाणे व रायगड या दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाचे क्षेत्र दोन्ही जिल्ह्यांत असले, तरी नावड्यात उद्भवलेल्या सामान्य दिवाणी वादासाठी पनवेलच्या न्यायालयात जावे लागते. बेलापूरचे न्यायालय ठाणे जिल्ह्यातील आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा वादाचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले, तेथे दावा दाखल करता येतो.

== मुदत आणि कागदपत्रे ==

मुदत अधिनियम, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी किंवा केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर हा काळ माल पोहोचवल्याच्या दिवसापासून, ठरलेली असेल तर ती संपल्याच्या दिवसापासून मोजला जातो. सामान्यतः प्रत्येक बिलाची मुदत वेगळी चालते. त्यामुळे एकाच ग्राहकाकडील जुनी बिले मुदतबाह्य आणि नवी बिले वसुलीयोग्य अशी स्थिती उद्भवते.

वकिलामार्फत पाठवलेल्या नोटिशीने ही मुदत वाढत नाही. तोंडी आश्वासनानेही नाही. मुदत संपण्यापूर्वी ग्राहकाने सही करून देणे लेखी कबूल केले (कलम १८), किंवा काही रक्कम दिली आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात वा सहीनिशी झाली (कलम १९), तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात. वर्षअखेरीस ग्राहकाकडून सही-शिक्क्यानिशी घेतलेले बाकी-कबुलीचे पत्र यामुळेच मोलाचे ठरते. लेखापाल ते हिशेब जुळवण्यासाठी मागतो, पण न्यायालयात तोच कागद दावा जिवंत ठेवतो. मुदत संपल्यावरही मार्ग पूर्ण बंद होत नाही. मुदतबाह्य रक्कम देण्याचे लेखी व सहीचे वचन भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५(३) नुसार बंधनकारक असते, मात्र असे वचन क्वचितच मिळते.

पुराव्यासाठी खरेदी आदेश, पोचपावतीची सही असलेले चलन, कर बीजक व खातेउतारा ही मूळ कागदपत्रे लागतात. ई-मेल किंवा मोबाइलवरील संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. भागीदारी संस्थेने आणखी एक गोष्ट पाहावी लागते: संस्था नोंदणीकृत नसल्यास करारातून उद्भवलेल्या हक्कासाठी तिला त्रयस्थाविरुद्ध दावा करता येत नाही (भागीदारी अधिनियम, १९३२, कलम ६९). दोन भावांनी तोंडी भागीदारीत चालवलेल्या कारखान्याला ही उणीव वसुलीच्या वेळीच जाणवते.

== माल ताब्यात असताना ==

मालविक्री अधिनियम, १९३० नुसार किंमत न मिळालेल्या विक्रेत्याला ताब्यातील माल रोखून धरण्याचा, आणि खरेदीदार नादार झाल्यास वाटेतला माल थांबवण्याचा अधिकार आहे. दुसऱ्याच्या मालावर घडाई, दुरुस्ती यांसारखे कसबाचे काम करणाऱ्यालाही, उलट करार नसेल तर, मजुरी मिळेपर्यंत तोच माल स्वतःकडे ठेवता येतो (करार अधिनियम, कलम १७०). जॉबवर्क करणाऱ्यांसाठी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. माल हातचा गेला की हा हक्कही जातो, आणि मागच्या कामाच्या बाकीसाठी आजचा माल अडवता येत नाही.

== न वटलेला धनादेश ==

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अधिनियम, १८८१ मधील कलम १३८ हे १९८९ पासून लागू आहे. देणे फेडण्यासाठी दिलेला धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे परत आल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. तक्रार टिकण्यासाठी मुदतींची साखळी पाळावी लागते. धनादेश त्याच्या वैधतेच्या काळात, म्हणजे सध्या तीन महिन्यांत, बँकेत भरावा लागतो. तो परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर ग्राहकाला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायालय तक्रारीतील विलंब माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांबाबत तशी तरतूद नाही.

ही तक्रार कोठे करायची हा प्रश्न काही काळ गाजला. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, धनादेश काढणाऱ्याची बँक जेथे आहे तेथेच तक्रार करावी असे ठरवले. त्यामुळे विक्रेत्याला ग्राहकाच्या गावी खेटे घालावे लागणार होते. २०१५ च्या दुरुस्तीने हे बदलले. विक्रेत्याने धनादेश आपल्या खात्यात भरला असेल, तर त्याचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयाला अधिकार असतो. त्यामुळे नावड्यातील पुरवठादाराचे खाते पनवेल परिसरात असल्यास ग्राहक सुरतेचा असला तरी तक्रार पनवेललाच होते.

२०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असताना धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. तरीही हा मार्ग जलद नाही. ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख खटले याच कलमाखालील होते. शिवाय धनादेश दिल्यानंतर काही रक्कम मिळाली असेल, तर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा धनादेश भरल्यास गुन्हा ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला.

== दिवाणी दावा ==

लेखी करार, हुंडी, वचनचिठ्ठी किंवा धनादेश यांवर आधारित निश्चित रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला बचावाचा आपोआप हक्क नसतो. समन्स मिळाल्यावर दहा दिवसांत हजेरी नोंदवून, पुढे बचावासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. बचावात तथ्य दिसल्यास ती बिनशर्त, शंकास्पद वाटल्यास रक्कम भरण्याच्या अटीवर मिळते.

वाद व्यावसायिक स्वरूपाचा आणि किमान तीन लाख रुपयांचा असेल तर व्यावसायिक न्यायालये अधिनियम, २०१५ लागू होतो. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे, हे पाटील ऑटोमेशन खटल्यात २०२२ मध्ये स्पष्ट झाले. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते.

व्याजाचा दर करारात नसल्यास व्याज अधिनियम, १९७८ नुसार लेखी मागणीत व्याजाचा उल्लेख असणे उपयोगी ठरते. जुन्या मुंबई इलाख्याच्या प्रदेशात हिंदू ऋणकोबाबत दामदुपटीचा नियमही न्यायालयांनी मानला आहे. त्यानुसार एका वेळी मागायचे थकीत व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. दावा दाखल झाल्यानंतरच्या काळाला तो लागू होत नाही.

== सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी तरतूद ==

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मधील विलंबित देयकांच्या तरतुदी छोट्या पुरवठादाराला सर्वाधिक बळ देतात. नावात मध्यम उद्योग असला तरी या तरतुदी केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहेत. करारात काहीही लिहिलेले असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास तो स्वीकारला असे मानले जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते.

तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. ग्राहक भारतात कोठेही असो, अधिकार पुरवठादाराच्या ठिकाणच्या परिषदेचा असतो. ती आधी सलोखा घडवण्याचा प्रयत्न करते व तो फसल्यास लवाद चालवते. कायद्यात यासाठी ९० दिवसांची मुदत आहे, पण ती पाळली जाईलच असे नाही. निवाड्याला आव्हान देण्यासाठी खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. ही अटच अनेकदा तडजोड घडवते.

उद्यम नोंदणी पुरवठ्यापूर्वीची असावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालात म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये नोंदणीची मुभा मिळाली, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती आहे. विलंबित देयकांचे संरक्षण त्यांना नाही.

करकायद्यांचाही अप्रत्यक्ष दाब असतो. वित्त अधिनियम, २०२३ ने केलेल्या बदलानुसार मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. वस्तू व सेवा करातही बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास घेतलेली करवजावट परत करावी लागते. पुरवठादाराने मात्र बुडालेल्या बिलावरही कर भरलेलाच असतो.

== दिवाळखोरीची कार्यवाही ==

ग्राहक कंपनी असल्यास नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली दहा दिवसांची मागणी नोटीस देऊन राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. किमान थकबाकीची मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी रुपयांवर नेल्याने छोट्या पुरवठादारांसाठी हा मार्ग जवळजवळ बंद झाला आहे. नोटिशीपूर्वीच मालाबाबत खरा वाद असल्यास अर्ज फेटाळला जातो.

== तगादा आणि त्याची मर्यादा ==

पेशवाईत धनकोने ऋणकोच्या दारी माणूस बसवून तगादा लावण्याची रीत होती. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात तिचे वर्णन केले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणे हा गुन्हा ठरला आणि कलम ५०८ खालील उदाहरण दारी धरणे धरून बसण्याचेच होते. आजही पैसे मागणे, आठवण देणे, नोटीस पाठवणे कायदेशीर आहे. धमकी देणे, वाहन उचलून नेणे, ग्राहकाच्या नावाचे फलक लावणे यांमुळे मात्र धनकोच आरोपी होऊ शकतो.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार तेव्हाच टिकते, जेव्हा पैसे न देण्याचा हेतू व्यवहाराच्या आरंभीच होता असे दाखवता येते. केवळ बिल थकणे हा दिवाणी वाद होय, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे.

== हुकूमनाम्याची अंमलबजावणी ==

दावा जिंकला तरी रक्कम आपोआप हाती येत नाही. त्यासाठी स्वतंत्र दरखास्त दाखल करावी लागते. ऋणकोची बँक खाती, येणी, यंत्रसामग्री वा स्थावर मालमत्ता जप्त करून विकता येते, पण ती कोठे आहे हे बहुधा धनकोलाच शोधून द्यावे लागते. मालमत्ता दुसऱ्या न्यायालयाच्या हद्दीत असल्यास हुकूमनामा तेथे पाठवून घ्यावा लागतो. कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती येत नाही. पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते.