घरकुलाचा हप्ता कुठे अडला? दहा रुपयांत विचारा

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील वस्त्यांमध्ये आरोग्य तपासणीला गेलो की आमच्या वहीत आजारासोबत घराचीही नोंद होते. दम्याची बाई, तर चूल आत आणि धूर जायला वाट नाही. खोकल्याचा रुग्ण, तर एकच खोली, खिडकी नाही, झोपणारी माणसे सहा. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. कोंदट खोलीत ते बराच वेळ टिकतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, पण खेळती हवा घरातच असावी लागते.

अशा घरांसाठीच रमाई आवास घरकुल योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी, राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या निधीतून. बरीच वर्षे चालत आलेला दर खेड्यात सर्वसाधारण भागासाठी १ लाख २० हजार, डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार आणि शहरात अडीच लाख रुपये आहे. खेड्यात याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार रुपये वेगळे मिळू शकतात. हे शेवटचे दोन पैसे अनेकांना ठाऊकच नसतात, म्हणून कोणी मागतही नाही.

खरे दुखणे हप्त्यांचे आहे. जुने घर पाडले, जोत्यापर्यंत काम आले, फोटो काढून नेला आणि पुढचा हप्ता आलाच नाही, असे कितीतरी संसार आम्ही पाहतो. मग अर्धवट भिंतींवर ताडपत्री टाकून पावसाळा काढायचा. ओल, अंगावर खरूज, लेकरांना सारखा ताप, रात्री विंचवाकाट्याची धास्ती. काहीजण जुन्या दगड-मातीच्या घरातच राहतात. अशा जड भिंतींनी १९९३ साली किल्लारी परिसरात काय केले, ते लातूरकरांना सांगायला नको.

विचारायला गेले की तोंडी उत्तर मिळते. एका कार्यालयात आम्हाला तीन खेपांत तीन कारणे ऐकवली: निधी नाही, फोटो चढला नाही, साहेब बैठकीला गेलेत. तोंडी उत्तराला पुरावा नसतो. म्हणून आता आम्ही तोंडी विचारणे सोडून दिले आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली जोडपत्र ‘अ’ भरा, १० रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर दाखला जोडा, फी लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. खेड्यातल्यांनी पंचायत समितीकडे, नांदेड-लातूर शहरातल्यांनी महापालिकेकडे द्यावा. चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

‘माझे घरकुल का मिळत नाही’ असे लिहू नका. ‘का’ला उत्तर टाळता येते, कागद मागितला की टाळणे अवघड. असे मागा: माझ्या मंजुरी आदेशाची प्रत, आजवर दिलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम आणि बँक खात्यात वर्ग केल्याचा आदेश, माझ्या बांधकामाच्या पाहणीचा अहवाल, आमच्या गावाची मंजूर यादी व प्रतीक्षा यादी. यादीला ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला, तर कलम ४ दाखवा. अनुदान योजनांत किती रक्कम वाटली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचे असते. स्वतःची फाईल मागणाऱ्याला तर हे कारण सांगताच येत नाही.

‘वरून निधी नाही’ हे उत्तर मात्र दरवेळी थाप नसते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली. बहिणींना पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. आमच्या बहुतेक मैत्रिणी त्या योजनेत आहेत. पण एका बहिणीच्या भिंतीचे पैसे काढून तिच्याच हातावर ठेवायचे, याला काय म्हणावे? उदगीर, देगलूरच्या पलीकडे सीमा ओलांडली की कर्नाटक आणि तेलंगणात अनुसूचित जातींच्या निधीसाठी स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रात तो नाही. म्हणून दुसरा वेगळा अर्ज जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे करा: रमाई आवाससाठी गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय किती निधी आला, किती खर्च झाला, किती शिल्लक आहे. हा अर्ज महिला मंडळातील कोणीही देऊ शकते, लाभार्थी असण्याची गरज नाही.

अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसह, घ्याच. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे पहिले अपील, २० रुपयांचे स्टँप लावून. त्यातूनही झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरे अपील. तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा, एकट्या जाऊ नका, आणि पोच सोबत न्या.