दोन टाक्यांचा हिशेब

आगगाडीने जाणारा मनुष्य अंतर मैलांनी मोजतो. लहान विमानाचा चालक मात्र ते तासांनी मोजतो, कारण पंखांतील टाक्यांत असलेले पेट्रोल किती तास पुरेल हे बव्हंशी त्याच्या स्वाधीन असले, तरी तेवढ्या तासांत किती मैल कापले जातील याचा निर्णय वाऱ्याच्या हाती असतो. वैमानिकांच्या कित्येक पिढ्या ज्यावर शिकल्या, त्या चार आसनांच्या सेस्ना १७२ विमानाच्या अलीकडील प्रकारात वापरण्याजोगे पेट्रोल सुमारे दोनशे लिटर मावते आणि तासाला तीस-पस्तीस लिटर जळते. कागदावर ही पाच-सहा तासांची बेगमी होय. परंतु कागदावर वारा वाहत नाही.

वाऱ्याचा व्यवहार सावकारी थाटाचा आहे. ताशी १०० मैल वेगाचे विमान ३०० मैल जाऊन परत आले, तर निवांत हवेत त्यास सहा तास लागतात. जाताना ताशी २० मैलांचा वारा समोरून आला, तर पावणेचार तास लागतील. परतताना तोच वारा पाठीशी राहून अडीच तासांत घरी पोहोचवील. आणि बेरीज सव्वासहा तास होईल. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते व अनुकूल वाऱ्यात कमी, म्हणून जाताना जे गेले ते येताना पुरते वसूल होत नाही. याकरिताच अमेरिकेतील नियमांनुसार, जमीन व क्षितिज पाहून उडणाऱ्या विमानाने मुक्कामी पोहोचल्यावरही दिवसा अर्ध्या तासाचे आणि रात्री पाऊण तासाचे पेट्रोल शिल्लक राहील अशी तरतूद निघतानाच करावी लागते. जाणता वैमानिक केवळ काट्यावर विसंबत नाही. निघण्यापूर्वी पंखावरील झाकण काढून, टाकीत मोजपट्टी बुडवून तो खातरजमा करून घेतो.

एवढ्याने जमाखर्च पुरा होत नाही, कारण विमानात आणखी एक टाकी असते व तिला काटा नसतो. ती म्हणजे वैमानिकाचा देह. या दोन टाक्यांचे नाते असे विलक्षण आहे की एकीतली बचत बहुधा दुसरीच्या खाती खर्ची पडते. वेग कमी केला तर पेट्रोल पुरवठ्यास येते, पण यंत्राच्या घरघरीत आणि कंपात आखडून बसण्याचे तास वाढतात. उंच गेले की हवा विरळ होते, आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची लाल मूठ ओढून त्यातील पेट्रोल कमी करता येते. परंतु त्याच विरळ हवेत प्राणवायूही थोडका असल्यामुळे बुद्धी मंदावते, आणि मंदावलेल्या बुद्धीस आपण मंदावलो हे कळत नाही. म्हणूनच साडेबारा हजार फुटांवर अर्ध्या तासाहून अधिक काळ राहावयाचे झाल्यास प्राणवायू घेण्याची अमेरिकेत सक्ती आहे. लघुशंकेची अडचण नको म्हणून पाणी न पिणारा वैमानिकही असाच फसतो: तहानलेल्या देहात डोकेदुखी व थकवा आधी येतात आणि चुका मागाहून येतात. त्यापेक्षा जवळ एखादी रुंद तोंडाची बाटली बाळगण्यात कमीपणा नाही.

चार्ल्स लिंडबर्ग याने २० मे १९२७ रोजी न्यूयॉर्कजवळून पॅरिसकडे एकट्याने उड्डाण केले, तेव्हा हा सौदा त्याने निष्ठुरपणे केला होता. सोबत्याऐवजी त्याने पेट्रोल घेतले. ४५० गॅलनांच्या टाक्यांपैकी मोठी टाकी आपल्या पुढ्यात बसवून समोरचे दृश्यही गमावले. वजन वाचावे म्हणून रेडिओ व हवाई छत्री वगळली आणि वेताच्या खुर्चीवर बैठक मारली. कोणत्या टाकीतून किती वेळ पेट्रोल घेतले याच्या पेन्सिलीच्या खुणा तो यंत्रफलकावर नेमाने करीत गेला. परंतु निघण्यापूर्वीची रात्र त्याने जागून काढलेली होती. हातातील दांडा सैल पडताच मार्ग सोडण्याची विमानाची खोड त्यास जागे ठेवण्यास उपकारक ठरली, आणि तरीही आपल्या पाठीमागे छायारूप आकृती बसून बोलत असल्याचा भास त्यास झाला, हे त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे. साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला तेव्हा टाक्यांत सुमारे ८५ गॅलन पेट्रोल उरले होते. ती शिल्लक विमानाची होती. चालकाच्या खात्यात बाकी शून्य होती.

सामान्य वैमानिकाने हा कित्ता गिरवू नये. विमान सहा तास उडू शकते म्हणून माणसाने सहा तास बसलेच पाहिजे असे नाही. तीनएक तासांच्या टप्प्याने उतरणे हाच शहाणपणाचा रिवाज होय. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून मुंबईस निघाले, तेव्हा वाटेत अहमदाबादेस उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. ते भरून घेऊन त्यांनी जुहू गाठले. आज बैलगाडीचे कौतुक वाटते, पण ध्यानात ठेवण्याजोगा आहे तो मुक्काम. डबा टाकीत रिता होईपर्यंत वैमानिकाला खाली उतरून चार पावले चालता येते, पाणी पिता येते, आभाळाकडे पुन्हा एकदा पाहता येते. आणि दुसरी टाकी भरण्यास याहून अधिक काही लागत नाही.