मालिश व्यवसाय (छत्रपती संभाजीनगर)

अंगाला तेल लावून किंवा तेलाविना, हातांनी चोळून, दाबून आणि मळून शरीराला आराम देण्याच्या उपजीविकेस मालिश व्यवसाय म्हणतात. या कामातील कुशल व्यक्तीस सध्या ‘स्पा थेरपिस्ट’, तर अशा केंद्राचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीस ‘स्पा व्यवस्थापक’ म्हटले जाते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे हा व्यवसाय घरगुती मालिश, पंचकर्म केंद्रे, सौंदर्यालये आणि हॉटेलांतील स्पा अशा चार रूपांत आढळतो. हाताचे हे काम वय वाढते तसे जड होत जाते. त्यामुळे थेरपिस्ट ते व्यवस्थापक ही वाटचाल अनेकांसाठी उपजीविका टिकवण्याचा मार्ग असते.

संज्ञा

‘मालिश’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. संस्कृतात ‘मर्दन’, ‘अभ्यंग’ आणि ‘संवाहन’ असे तीन शब्द आहेत. मर्दन म्हणजे जोराने चोळणे, अभ्यंग म्हणजे अंगाला तेल माखणे आणि संवाहन म्हणजे हलक्या हाताने दाबणे. मराठीत रगडणे, चोळणे आणि चेपणे ही क्रियापदे या प्रकारांसाठी रूढ आहेत. ‘स्पा’ हे नाव बेल्जियममधील खनिज झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्पा या गावावरून आले आहे.

पूर्वपीठिका

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात अभ्यंगाचे गुण वर्णिले आहेत. तेथे तेल लावलेले मडके, कातडे आणि गाडीचा आस यांची उपमा शरीरास दिली आहे. दिवाळीतील नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानामुळे ही परंपरा महाराष्ट्रात घरोघरी टिकून आहे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकात संवाहक नावाचे एक पात्र आहे. पाटलिपुत्रातील सद्गृहस्थाचा हा मुलगा संवाहन ही कला म्हणून शिकतो; पुढे तीच त्याची उपजीविका होते. चारुदत्ताची नोकरी सुटल्यावर तो जुगारात कर्जबाजारी होतो, वसंतसेना त्याचे कर्ज फेडते आणि तो बौद्ध भिक्षू होतो. नाटकाच्या शेवटी त्याला सर्व विहारांचे प्रमुखपद दिले जाते. अंग चेपणाऱ्या सेवकाकडे संस्थांचा कारभार सोपवला जाण्याचे हे भारतीय साहित्यातील जुने उदाहरण आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत मृच्छकटिक’मुळे ही कथा मराठी रंगभूमीवर परिचित झाली.

मध्ययुगात हमामाची, म्हणजे गरम पाण्याच्या सार्वजनिक किंवा राजेशाही स्नानगृहाची, पद्धत दख्खनमध्ये रुजली. शहराजवळील देवगिरी तथा दौलताबाद किल्ल्यात असा शाही हमाम आहे. हमाम चालवण्यासाठी पाणी, सरपण आणि सेवक यांची नियमित व्यवस्था लागे.

आधुनिक काळात पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेच्या स्नानाचे आणि मालिशचे केंद्र चालवले. ‘चांपणे’ या अर्थाच्या हिंदी शब्दावरून इंग्रजीत ‘शॅम्पू’ हा शब्द आला. तेथे त्याचा आरंभीचा अर्थ मालिश असाच होता. दीन महंमद यांची इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम यांच्या सेवेत नेमणूक झाली होती. केंद्रातील स्त्रियांचा विभाग त्यांच्या पत्नी जेन पाहत असत.

घरगुती परंपरा

मराठवाड्यात बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या, शेक देणाऱ्या आणि न्हाऊ घालणाऱ्या बाई हे या व्यवसायाचे सर्वांत परिचित रूप आहे. त्यांना बहुधा ‘मावशी’ म्हणतात. नाभिकांची डोक्याची चंपी आणि तालमीतील पहिलवानांची मालिश ही पुरुषांकडील रूपे आहेत. हे ज्ञान आईकडून मुलीला किंवा वस्तादाकडून शिष्याला मिळते. ते कागदावर नोंदलेले नसते. त्यामुळे वीस वर्षे काम केलेल्या मावशींना स्पामध्ये अर्ज करताना दाखवायला एकही प्रमाणपत्र नसते.

प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र

भारतात सौंदर्य व स्वास्थ्य क्षेत्र कौशल्य परिषदेने ‘सहायक स्पा थेरपिस्ट’ आणि ‘स्पा थेरपिस्ट’ या कामांसाठी पात्रता ठरवल्या आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची तरतूद आहे. तीनुसार आधीपासून काम येणाऱ्या व्यक्तीचे मूल्यमापन करून तिला प्रमाणपत्र देता येते. घरगुती परंपरेतून आलेल्यांना ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. या विद्यापीठाचे विभागीय केंद्र छत्रपती संभाजीनगर येथे आहे. हॉटेलांतील व्यवस्थापकपदासाठी पदवी किंवा पदविका मागितली जात असल्याने या सोयींना महत्त्व आहे.

स्पा थेरपिस्टला रोगाचे निदान किंवा उपचार करण्याचा अधिकार नसतो. भौतिकोपचार हा स्वतंत्र, पदवीवर आधारित व्यवसाय आहे. पंचकर्म हे आयुर्वेदाच्या वैद्यांच्या देखरेखीखाली होते. ताप, त्वचेचा संसर्ग, अस्थिभंग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पायातील शिरेत रक्ताची गाठ असल्याची शंका असल्यास मालिश करू नये, हे प्रशिक्षणात शिकवले जाते. गर्भवती ग्राहकास वैद्यकीय सल्ल्याशिवाय सेवा देऊ नये, असाही दंडक आहे.

कामाचे स्वरूप आणि शारीरिक मर्यादा

मालिशचे एक सत्र सामान्यतः ६० किंवा ९० मिनिटांचे असते. कारागिरास हा वेळ उभे राहून, किंचित वाकून काढावा लागतो. अंगठ्याच्या सांध्यावर, मनगटावर आणि कमरेवर सर्वाधिक ताण येतो. तो कमी करण्यासाठी अंगठ्याऐवजी कोपर व बाहू वापरणे आणि हाताच्या जोराऐवजी शरीराचा भार टाकणे आवश्यक असते. मालिशच्या पलंगाची उंचीही महत्त्वाची आहे. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मूठ पलंगाला टेकावी, असा ढोबळ नियम आहे.

वेतन बहुधा तीन भागांत मिळते: ठरलेला पगार, प्रत्येक सत्रामागे मिळणारी रक्कम आणि ग्राहकाने दिलेली बक्षिसी. सत्रांवर रक्कम मिळत असल्याने दुखणाऱ्या हातांनीही काम करत राहण्याकडे कल होतो. अंगठा किंवा मनगट कायमचे दुखावल्यास कारागिराचे उत्पन्न एकदम थांबते. म्हणून हात चांगले असतानाच पुढच्या पदाची तयारी करणे हिताचे ठरते.

पदोन्नतीचे टप्पे

पदांची नावे केंद्रागणिक बदलतात. साधारण क्रम सहायक, थेरपिस्ट, ज्येष्ठ थेरपिस्ट, प्रशिक्षक किंवा प्रमुख थेरपिस्ट, सहायक व्यवस्थापक आणि व्यवस्थापक असा असतो. ज्येष्ठ थेरपिस्टपर्यंतचे टप्पे हातातील कौशल्यावर गाठता येतात. त्यापुढे वेगळी कामे शिकावी लागतात. भेटींची वही किंवा संगणकीय नोंद ठेवणे, तेल व चादरींचा साठा मोजणे, तक्रार ऐकून तिचा निकाल लावणे आणि नव्या मुलामुलींना शिकवणे ही त्यांपैकी मुख्य होत. स्वागतकक्षात सुट्टीच्या जागी काम करणे हा या शिक्षणाचा सोपा मार्ग आहे. मराठी व हिंदीबरोबर कामापुरते इंग्रजी येणे हॉटेलांत आवश्यक मानले जाते.

पहिल्या बढतीत उत्पन्न घटण्याचा संभव असतो. व्यवस्थापकाला सत्रांची रक्कम आणि बक्षिसी मिळत नाही. त्यामुळे पद स्वीकारण्यापूर्वी मागील काही महिन्यांची एकूण प्राप्ती काढून ती नव्या पगाराशी ताडून पाहावी लागते.

व्यवस्थापकाचे काम

केंद्राची क्षमता खोल्यांवर ठरते, असा नवख्या व्यवस्थापकाचा समज असतो. चार खोल्यांचे केंद्र दहा तास उघडे असेल आणि ६० मिनिटांच्या सत्रानंतर स्वच्छतेस १५ मिनिटे लागत असतील, तर एका खोलीत दिवसाला आठ आणि एकूण ३२ सत्रे होऊ शकतात. मात्र कामावर चार थेरपिस्ट असतील आणि प्रत्येकाला दिवसाला पाचच सत्रे द्यायची असतील, तर खरी क्षमता २० सत्रांची असते. उरलेली १२ सत्रे त्याच हातांवर टाकली, तर कारागीर आजारी पडतात किंवा सोडून जातात. स्वतः मालिश केलेल्या व्यवस्थापकास हा हिशेब अनुभवाने कळतो.

करांचा हिशेबही त्याच्याकडे असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्य व शारीरिक स्वास्थ्य सेवांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. त्यामुळे तेल, चादरी आणि भाडे यांवरील कर थेट खर्चात धरावा लागतो.

कायदेशीर जबाबदारी

काही ठिकाणी मालिश केंद्राच्या नावाखाली देहव्यापार चालत असल्याने प्रामाणिक कारागिरांनाही संशयाला तोंड द्यावे लागते. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ च्या कलम ३ नुसार कुंटणखाना चालवणारी व्यक्तीच नव्हे, तर त्याचा कारभार पाहणारी व्यक्तीही शिक्षेस पात्र ठरते. म्हणून व्यवस्थापकपद घेण्यापूर्वी मालक, परवाने आणि केंद्रातील प्रत्यक्ष व्यवहार यांची खात्री करून घेणे आवश्यक असते. केवळ नावापुरते पद दिलेली व्यक्तीही चौकशीत सापडू शकते.

दिल्ली सरकारने २०२१ मध्ये स्त्रीने पुरुषाची किंवा पुरुषाने स्त्रीची मालिश करण्यास मनाई केली होती. त्या तरतुदीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थगिती दिली. उपजीविकेचा हक्क आणि गैरप्रकारांचे नियंत्रण यांतील ओढाताण या प्रकरणातून दिसते.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम येथेही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून लहान केंद्रातील महिलेस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरील व्यक्तींपासून, म्हणजे ग्राहकांपासूनही, संरक्षण देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. गैरवर्तन करणाऱ्या ग्राहकाचे सत्र थांबवण्याचा अधिकार थेरपिस्टला आधीच स्पष्टपणे दिलेला असेल, तर हे कर्तव्य प्रत्यक्षात उतरते.

शहरातील परिस्थिती

वेरूळ व अजिंठा लेण्यांमुळे शहरात देशी-विदेशी पर्यटक येतात. या लेण्यांना १९८३ पासून जागतिक वारसा स्थळाचा दर्जा आहे. पर्यटकांची गर्दी हिवाळ्यात वाढते. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे कामानिमित्त येणारे प्रवासी मात्र वर्षभर असतात. लग्नसराईत नववधूंची मागणी वाढते. वर्षातील हे चढउतार पाहूनच सुट्ट्या आणि साठा ठरवावा लागतो.

पाणी हा शहरातील व्यवस्थापकाचा खास प्रश्न आहे. शहराला पाणी जायकवाडी धरणातून मिळते आणि वर्षानुवर्षे ते नळाला काही दिवसांआड येत आले आहे. स्नान, वाफ आणि तेलकट चादरींची धुलाई यांसाठी पाण्याची साठवण व टँकर यांचे नियोजन करावे लागते. रौझा बाग परिसरातील हॉटेल व्यवस्थापन संस्थेमुळे शहरात प्रशिक्षित व्यवस्थापकही उपलब्ध आहेत. हाताच्या कामातून वर आलेल्या उमेदवारास त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. अशा वेळी कामाचा अनुभव, प्रमाणपत्र आणि ठेवलेल्या नोंदी या तिन्ही गोष्टी त्याच्या उपयोगी पडतात.