एकेकानं बोला!

आमच्या अल्लीपुरात (ता. हिंगणघाट) ओलिताची वीज बरेचदा रात्रीच येते. मोटार चालू झाली का, हे पाहायला बाबा बॅटरी घेऊन वावरात जातात. वाटेत सापाचं भेव. म्हणून वाटलं, हा निरोप बिनतारी घरी आला तर? टॉवर नको, शेताशेतांतली छोटी यंत्रंच निरोप पुढे पोचवतील. यालाच ‘ॲड हॉक नेटवर्क’ म्हणतात.

अडचण एकच. चॅनल सगळ्यांचा एक, आणि दोघं एकदम बोलले की दोन्ही निरोप वाया! १९७१ मध्ये हवाई बेटांवर सुरू झालेल्या ‘अलोहा’ नेटवर्कमध्ये ज्याला वाटेल तेव्हा तो बोले. गणित सांगतं, अशा पद्धतीत चॅनलची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते.

मग आधी ऐकावं, शांतता असेल तर बोलावं? तेही पुरत नाही. समजा, आमचं यंत्र पूर्वेला, काकांचं पश्चिमेला आणि निरोप घेणारं विहिरीवर, मधोमध. आमचा आवाज काकांपर्यंत पोचतच नाही. दोघांनाही शांतता वाटते, दोघंही बोलतात आणि टक्कर होते विहिरीवर. टक्कर बोलणाऱ्याजवळ नाही, ऐकणाऱ्याजवळ होते, ही खरी गोम! टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये या ‘हिडन टर्मिनल’ प्रश्नाचा अभ्यास मांडला.

१९९० मध्ये फिल कार्न यांनी तोड सुचवली : ऐकणाऱ्यालाच विचारा. आमचं यंत्र म्हणतं, “बोलू का?” (आरटीएस). विहीर म्हणते, “बोल, इतका वेळ” (सीटीएस). हे उत्तर काकांच्या यंत्रालाही ऐकू जातं आणि ते तेवढा वेळ गप्प बसतं. १९९७ च्या ८०२.११ मानकात, म्हणजे वाय-फायमध्ये, ही सोय आली.

पण हिशेब करा. तिथे आरटीएस २० बाइट, सीटीएस १४ बाइट. आमचा “मोटार चालू” हा निरोपच मुळी काही बाइटचा! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. छोट्या निरोपाला दुसरी युक्ती बरी : पाठवा आणि “पोचला” या पावतीची वाट पाहा. पावती नाही आली, तर प्रत्येकानं मनाला येईल तितकं थांबून पुन्हा पाठवावं. दर अपयशाला थांबण्याची मर्यादा दुप्पट.

टक्कर कधीतरी होणारच. पण निरोप हरवला हे यंत्राला कळलं पाहिजे. नाहीतर बाबा पुन्हा बॅटरी घेऊन अंधारात निघतील.