पंडितांचा वाद आणि राजांचा वाद

तत्त्वज्ञानाच्या प्रांतात नव्याने पाऊल टाकणाऱ्या माणसापुढे पहिली अडचण उभी राहते ती नावांची. याज्ञवल्क्य, बुद्ध, कन्फ्यूशियस, सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल ही मालिका संपता संपत नाही. आणि प्रत्येक नावामागे एखादे अवघड मत दडलेले असते. ही सारी मते मुखोद्गत केल्याशिवाय आपला प्रवेश होणार नाही, असे त्याला वाटू लागते. वस्तुतः प्राचीनांनी स्वतः असा आरंभ केला नव्हता. दोन माणसे समोरासमोर बसली, एकाने विचारले आणि दुसऱ्याने उत्तर दिले. पुष्कळशा प्राचीन तत्त्वचिंतनाचे मूळ रूप एवढेच आहे. म्हणून मतांच्या याद्यांपेक्षा अशी दोन-तीन संभाषणे प्रथम ऐकणे अधिक श्रेयस्कर होय.

पहिले संभाषण विदेह देशाच्या जनक राजाच्या यज्ञमंडपातले. ते बृहदारण्यक उपनिषदात आले आहे. जनकाने एक हजार गाई उभ्या केल्या, त्यांच्या शिंगांना सोने बांधले आणि जो सर्वश्रेष्ठ ब्रह्मवेत्ता असेल त्याने त्या न्याव्यात असे जाहीर केले. याज्ञवल्क्याने त्या आपल्या शिष्याकरवी हाकून नेण्यास सांगितले. साहजिकच सभेतील विद्वान एकामागून एक त्याला प्रश्न करू लागले. त्यांत गार्गी वाचक्नवी ही विदुषी होती. हे सारे पाण्यात ओतप्रोत भरलेले आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे, असा तिचा प्रश्न. उत्तर मिळताच ती त्याच्याही मागचा आधार विचारी. असे करता करता ती ब्रह्मलोकापर्यंत पोहोचली, तेव्हा याज्ञवल्क्याने तिला बजावले की, याहून पुढे विचारू नकोस, मस्तक गळून पडेल. गार्गी थांबली; परंतु ती खचली नाही. पुन्हा उठून, सभेची अनुमती घेऊन, तिने आणखी दोन प्रश्न विचारले. त्यांच्या उत्तरात याज्ञवल्क्याला अविनाशी ‘अक्षर’ तत्त्वाचे विवेचन करावे लागले. मग तिनेच सभेला सांगितले की, याला कोणी जिंकू शकणार नाही. प्रश्न करण्याची हिंमत आणि पटलेले उत्तर मोकळेपणाने स्वीकारण्याची तयारी, हे दोन्ही गुण तिच्या ठायी एकत्र दिसतात.

दुसरे संभाषण ग्रीस देशातील अथेन्स नगरीतले. सॉक्रेटिसाने स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. तो आपल्याला भेटतो तो मुख्यतः प्लेटो आणि झेनोफोन या शिष्यांच्या लेखनातून. प्लेटोच्या एका संवादात न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीपाशी त्याची युथिफ्रो नावाच्या गृहस्थाशी गाठ पडते. हा गृहस्थ प्रत्यक्ष आपल्या पित्यावर मनुष्यवधाचा खटला भरण्यास निघालेला असतो, आणि हे कृत्य धर्माचे आहे याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. सॉक्रेटिस त्याला एवढेच विचारतो की, धर्म म्हणजे काय? देवांना जे प्रिय ते धर्म्य, असे उत्तर येते. त्यावर तो पुन्हा विचारतो: देवांना प्रिय आहे म्हणून ते धर्म्य ठरते, की मुळात धर्म्य आहे म्हणून ते देवांना प्रिय होते? युथिफ्रो गोंधळतो, पुन्हा पुन्हा जागच्या जागी येतो आणि शेवटी काम असल्याचे सांगून निघून जातो. प्रश्न तसाच उरतो. आजही तो नीतिशास्त्राच्या अभ्यासकांचा पाठलाग करीत आहे.

अशा प्रश्नांनी सॉक्रेटिसाने मित्र जोडले, तसे शत्रूही जोडले. इ. स. पूर्व ३९९ मध्ये नगरीच्या देवांना न मानणे आणि तरुणांना बिघडविणे हे आरोप ठेवून त्याच्यावर खटला झाला. सुमारे पाचशे नागरिकांच्या न्यायसभेने बहुमताने त्याला दोषी ठरविले आणि विषाचा प्याला त्याच्या हाती आला.

तिसरे संभाषण त्यानंतर सुमारे अडीच शतकांनी भारताच्या वायव्येस झाले. येथे पूर्व आणि पश्चिम प्रत्यक्ष समोरासमोर बसलेली दिसतात. मिनँडर हा ग्रीक वंशाचा राजा तेथे राज्य करीत होता. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत लेख आढळतो. पाली वाङ्मयात तोच ‘मिलिंद’ झाला, आणि नागसेन या भिक्षूशी झालेला त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याची राजधानी सागल. हे नगर म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे सामान्यतः मानले जाते.

नागसेन म्हणतो, ‘नागसेन’ हे केवळ नाव आहे. त्याच्या आत कोणी स्थिर पुरुष सापडत नाही. राजा गप्प बसत नाही. पुरुषच नसेल तर पुण्य कोणाचे, पाप कोणाचे आणि भिक्षूचा वध करणाराला हत्येचा दोष तरी कसा लागावा, असे तो विचारतो. नागसेन त्याला उलट विचारतो की, महाराज आले ते रथातून ना? मग रथ तो कोणता? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? यांपैकी एकही रथ नव्हे. तथापि हे सारे योग्य रीतीने जुळले म्हणजे ‘रथ’ हा शब्द वापरता येतो. पुढे जबाबदारीचा प्रश्न पुन्हा निघतो, तेव्हा नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. मालकाने लावलेले आंबे वेगळे आणि आपण तोडलेले वेगळे, असे चोर म्हणाला, तरी तो सुटत नाही. कारण ही फळे त्या आंब्यांपासूनच आलेली असतात. माणूस बदलत राहिला, तरी कर्माची परंपरा तुटत नाही.

या संवादातील एक प्रसंग मात्र या सर्व दृष्टांतांहून मोलाचा आहे. राजा पुढे वाद करू इच्छितो, तेव्हा नागसेन अट घालतो: पंडितांसारखा वाद होणार असेल तर तो बोलेल, राजांसारखा होणार असेल तर बोलणार नाही. पंडितांच्या वादात खंडन होते, चूक दाखविली जाते आणि तरीही कोणी रागावत नाही. राजांच्या वादात एक मत मांडले जाते, आणि जो ते नाकारील त्याला दंड होतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली.

अथेन्समध्ये राजा नव्हता. सत्ता नागरिकांच्या हाती होती. तरीही तेथे वादाचा शेवट राजांच्या रीतीने झाला. सागलात सिंहासनावर प्रत्यक्ष राजा होता, आणि तेथे वाद पंडितांच्या रीतीने झाला. यावरून दिसते की, ही रीत राज्यपद्धतीवर आपोआप अवलंबून नसते. ती बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने दर वेळी नव्याने पत्करावी लागते. सभा, घर किंवा शाळा यांतील लहानशा वादालाही हेच लागू आहे.

नवशिक्याने प्राचीन तत्त्वज्ञांकडे जाताना हीच अट प्रथम स्वतःला घालावी. आपले मत खोडले गेले तरी राग येऊ द्यायचा नाही, एवढे ज्याने ठरविले, त्याला गार्गीच्या सभेत, युथिफ्रोच्या शेजारी आणि मिलिंदाच्या आसनापाशी सारखीच जागा आहे. नावांची ओळख मागाहून सावकाश होते.